गावात राहून आयटीची नोकरी, वर्षानुवर्षं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

२०१८ च्या पावसाळ्यात मी हिंजवडीचं ऑफिस सोडलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी येऊन बसलो. नोकरी तीच होती, खुर्ची बदलली. पहिली तीन वर्षं पुण्याच्याच कंपनीचं काम केलं, त्यानंतर आजवर एका जर्मन कंपनीचं. दर मे महिन्यात आंबे खायला आलेला कोणी ना कोणी भाचा, नाहीतर मित्राचा मित्र, ओटीवर बसून विचारतो, "दादा, मलाही असंच करायचंय. नेट कुठलं घेतलंस?"

नेटचा नंबर तिसरा लागतो. सहा महिने घरून काम कोणालाही जमतं. करोनात सगळ्यांनीच केलं. कस लागतो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर टेबल-खुर्ची जागच्या जागी बसलेली असते, काम व्यवस्थित होत असतं, आणि माणूस मात्र कंपनीला हळूहळू दिसेनासा झालेला असतो. दृष्टीआड सृष्टी. मी घरून काम करणारे जे लोक मागे पडताना पाहिले, त्यांतले आळशी फार थोडे होते. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं याच एका दुखण्यावर आहे.

## १. गाव ठरवण्याआधी कंपनी पारखा

"आमच्याकडे रिमोट चालतं" आणि "आम्ही रिमोट आहोत" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक २००५ पासून विखुरलेल्या माणसांवर चालते. २०१७ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचं ऐसपैस ऑफिस बंद केलं, कारण तिथे फारसं कोणी फिरकतच नव्हतं. प्रोग्रामरांना कोड ठेवायची सोय देणारी गिटलॅब २०२१ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली तेव्हा तिला मुख्यालयच नव्हतं. दुसऱ्या बाजूला याहूने २०१३ मध्ये लोकांना ऑफिसात परत बोलावलं, आयबीएमने २०१७ मध्ये, टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस, अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून. म्हणजे तुमचं काम कितीही चांगलं असलं, तरी वरच्या एका ईमेलने गावचा मुक्काम संपू शकतो.

मुलाखतीत हे प्रश्न विचाराच:

- माझा मॅनेजर कुठून काम करतो? आणि त्याचा मॅनेजर?
- शेवटचा मोठा तांत्रिक निर्णय कुठे झाला, मीटिंगमध्ये की कागदावर? कागदावर असेल तर तो कसा दिसतो?
- गेल्या दोन वर्षांत घरून काम करणाऱ्या कोणाला बढती मिळाली का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "सगळे बंगलोरच्या ऑफिसात" असं आलं, तर तुम्ही त्या मीटिंगरूममधल्या पडद्यावरचं एक लहानसं चौकोनी तोंड असणार. जेवणाच्या टेबलावर काय ठरलं ते तुम्हाला दोन आठवड्यांनी कळणार.

सापळा: ऑफर लेटरमधलं "कामाचं ठिकाण". माझ्या वेळी एचआरने फोनवर "कायमचं रिमोट" म्हटलं होतं. पत्रात छापलं होतं "पुणे, व्यवसायाच्या गरजेनुसार बदलू शकेल". २०२१ च्या अखेरीस तीस दिवसांत हजर व्हा असा ईमेल आला, तेव्हा फोनवरचं बोलणं दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. "कामाचं ठिकाण: कर्मचाऱ्याचं घर" एवढे शब्द पत्रात येत नाहीत तोवर पुण्यातली भाड्याची खोली सोडू नका.

## २. कागदपत्रं: तुम्ही नोकर आहात की व्यावसायिक?

तीन प्रकार आहेत. एक, भारतीय कंपनीच्या पगारपत्रकावर: पीएफ, ग्रॅच्युइटी, फॉर्म १६, सगळं नेहमीसारखं. दोन, कंपनी परदेशी पण मध्ये एक भारतीय "एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड": पगार ती देते, काम परदेशातलं. हेही नोकरीच आहे, निर्धास्त राहा. तीन, थेट करार. यात तुम्ही कंपनीचे कोणी लागत नाही. दर महिन्याला बिल पाठवणारे व्यावसायिक असता. परदेशी कंपन्यांची बरीच कामं या तिसऱ्या प्रकारात मिळतात आणि नवीन माणूस तिथेच धडपडतो, कारण आकडा मोठा दिसतो.

त्या आकड्यातून पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही, आरोग्य विमा स्वतःचा. परदेशी कंपनी टीडीएस कापत नाही, त्यामुळे आगाऊ कर तुम्हीच भरायचा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. परदेशी कंपनीचं काम निर्यातीत धरतात आणि निर्यातीवर जीएसटी शून्य असतो, पण त्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र पोर्टलवर दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं. ते विसरलात तर आधी कर भरा, मग परतावा मागत बसा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडरवर टाकून ठेवा. अंदाजित नफ्यावर कर भरण्याची सोय तुमच्या कामाला लागू होते की नाही, हे सीएला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नाही.

हाताशी ठेवायचं:

- सही झालेला करार, त्यात नोटीसचा काळ आणि लिहिलेल्या कोडची मालकी स्पष्ट
- प्रत्येक बिलाची प्रत, आणि त्या रकमेसाठी बँकेने दिलेलं परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र
- पैसे येताना लागणारा पर्पज कोड. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी सहसा पी०८०२
- अमेरिकी ग्राहक असेल तर डब्ल्यू-८बेन फॉर्म, म्हणजे तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही असं लिहून देणं
- मागच्या तीन वर्षांचे आयटीआर

शेवटचा मुद्दा गृहकर्जाच्या वेळी कळतो. बँकेच्या लेखी तुम्ही पगारदार नसता, किराणा दुकानदाराच्या रांगेत असता. दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागतात. घर बांधायचं असेल तर करारावर जाण्याआधी कर्ज मंजूर करून घ्या. मी केलं नाही. आमच्या पडवीचं काम दोन वर्षं अडलं.

आणखी एक बारीक गोष्ट. परदेशी कंपनी प्रेमाने लॅपटॉप कुरिअरने पाठवते म्हणाली तर नम्रपणे नको म्हणा. तो कस्टममध्ये अडकतो, ड्यूटी तुमच्या नावावर निघते, आणि वॉरंटी तिकडची. "मी इथे घेतो, बिल पाठवतो" हे दोघांनाही सोपं.

## ३. वीज आणि नेट

आता भाच्याचा प्रश्न.

स्पीडच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करा. व्हिडिओ कॉलला काही एमबीपीएस पुरतात. तुम्हाला हवी आहे ती अखंड लाइन, आणि त्यासाठी कनेक्शन घेण्याआधी केबलवाल्याला एकच प्रश्न विचारायचा: "तुमची फायबर थेट घरापर्यंत येते, की खांबावरच्या पेटीपर्यंत येऊन पुढे साधी वायर?" थेट फायबर असेल तर मधल्या डब्यांना वीज लागत नाही; गावाची लाइट गेली तरी एक्स्चेंजकडे बॅटरी आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर असेपर्यंत नेट चालू राहतं. खांबावर स्विच असेल तर तुमच्या घरी कितीही बॅटऱ्या असोत, त्या खांबावरची लाइट गेली की नेट गेलं. हे मला कळायला आठ महिने आणि एक नवी बॅटरी लागली.

इन्व्हर्टरचा हिशोब कागदावर करा. लॅपटॉप ६० वॅट, मॉनिटर २५, फायबरचा डबा आणि राउटर मिळून १५, पंखा ७०, एकूण १७०. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात बाराशेच्या आसपास धरा. म्हणजे सहा-सात तास. यातला सर्वांत मोठा खाऊ पंखा आहे! तो बदलून बीएलडीसी पंखा लावला की ७० चे ३० होतात. राउटरसाठी वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो जरूर घ्या. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणी राउटर रीस्टार्ट झाला तरी कॉलमधली दोन-तीन मिनिटं जातात, आणि नेमकी तुम्ही बोलत असतानाच जातात.

दुसरी लाइन हवीच, पण ती पहिलीच्याच खांबावरून आलेली नको. आमच्याकडे फायबर तोडणारे दोघे: रस्त्याच्या कामावरचा जेसीबी आणि वानरं. दोघांनाही कंपनी कुठली याच्याशी देणंघेणं नाही. एका खांबावरच्या दोन्ही तारा एकाच वेळी खाली येतात. म्हणून एक फायबर, एक मोबाइलची. कुठल्या कंपनीची रेंज घराच्या कुठल्या कोपऱ्यात येते हे उन्हाळ्यात तपासलंत तर पावसाळ्यात पुन्हा तपासा. झाडं दाट झाली की तेच सिग्नल ओटीवर येतं आणि माजघरात येत नाही.

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवायचे. सगळे. राउटर बहुतेक वेळा मरतो तो अ‍ॅडॉप्टरमधून आलेल्या झटक्याने. अर्थिंग नीट आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून बघा. "आहे हो" या उत्तरावर माझे दोन राउटर गेले.

महावितरणच्या देखभालीच्या दिवशी सकाळपासून लाइट नसते. आमच्या लाइनमनशी ओळख ठेवली आहे. आदल्या दिवशी त्याचा मेसेज येतो. ही ओळख कुठल्याही यूपीएसपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे. दिवाळीला फराळाचा डबा द्या.

## ४. घरच्यांना नोकरी समजावणं

ऑफिसला निघालेला माणूस कामाला गेलाय हे गावाला कळतं. आतल्या खोलीत बसलेला माणूस "घरीच" असतो. "घरीच आहेस ना, जरा बँकेत जाऊन ये." "घरीच आहेस ना, सिलिंडरवाला येईल." वाद घालून उपयोग होत नाही. आमच्याकडे शेवटी दाराने काम केलं: दार बंद म्हणजे मी पुण्याला गेलोय. दार उघडं म्हणजे आलोय. आईने हे दोन दिवसांत स्वीकारलं, शेजारच्या काकांनी दोन वर्षांत.

त्यासाठी दार असलेली खोली हवी. दिवाणखान्यातल्या डायनिंग टेबलावर एक वर्ष निघतं, पाच निघत नाहीत, आधी कंबर बोलते. खुर्चीवर पैसे घाला, टेबल सुताराकडून करून घ्या.

गणपतीचे दिवस जानेवारीतच टीमच्या कॅलेंडरवर टाका. "सात दिवस मी नाही" हे आठ महिने आधी सांगितलं की कोणाला काही वाटत नाही. आठ दिवस आधी सांगितलं की तुम्ही बेभरवशाचे ठरता.

## ५. लिहिणं, लिहिणं, लिहिणं

जर एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

ऑफिसात तुम्ही काम करताय हे लोकांना दिसतं. घरून काम करताना तुमचं जेवढं लिहिलेलं आहे तेवढेच तुम्ही असता. लिनक्ससारखं प्रचंड काम १९९१ पासून जगभर विखुरलेल्या माणसांनी केलं, ज्यांतले कित्येक एकमेकांना कधी भेटलेही नाहीत; ते चाललं ईमेलवर. कोड पाठवा, का बदलला ते लिहा, लोक लेखी फाडून खातील, सुधारून पुन्हा पाठवा. आपल्याकडे कॉलेजात आणि पहिल्या नोकरीत हे कोणी शिकवत नाही. आपण तोंडी माणसं. "एक मिनिट फोन करू का?" ही आपली पहिली हालचाल.

सुरुवात मेसेजपासून. (खरे मेसेज अर्थातच इंग्रजीत असतात.) नवीन माणूस असं लिहितो:

> हाय.

मग वाट बघतो. समोरचा बर्लिनमध्ये झोपलेला. चार तासांनी तोही "हाय" म्हणतो, तेव्हा आपला गडी जेवायला गेलेला. एका प्रश्नात दिवस गेला. त्याऐवजी:

> पेमेंट सेवेत रविवार रात्रीपासून टाइमआउट वाढलेत. लॉग इथे आहेत. माझ्या मते डेटाबेसची कनेक्शनं कमी पडतायत. मर्यादा २० वरून ४० करून बघणार आहे. तुमच्या सकाळी दहापर्यंत हरकत आली नाही तर स्टेजिंगवर करतो. प्रोडक्शनला हात लावण्याआधी तुमचा होकार लागेल.

(स्टेजिंग म्हणजे चाचणीची जागा, प्रोडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती.) यात काय बिघडलं, मी काय पाहिलं, मला काय वाटतं, मी काय करणार, तुमच्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत, सगळं आहे. समोरच्याने उत्तर दिलं नाही तरी काम थांबत नाही. असं लिहायला दहा मिनिटं लागतात म्हणून लोक टाळतात आणि मग अर्ध्या तासाचा कॉल लावतात.

याशिवाय तीन सवयी. दर शुक्रवारी पाच-सहा ओळींची टिपण: काय झालं, काय अडलं, पुढे काय. मॅनेजरने मागितली नाही तरी. दुसरी, कॉलवर काही ठरलं की लगेच दोन ओळींत ते सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहा, खासगी चॅटमध्ये नाही. तिसरी, दिवस संपताना अर्धवट कामाची अवस्था लिहून ठेवा, जणू उद्या तुमच्या जागी दुसरा कोणी येणार आहे.

या तिसऱ्या सवयीने मला वाचवलं. २ जून २०२० च्या संध्याकाळी वादळ येणार हे नक्की झालं होतं. मी तासभर बसून हातातल्या दोन कामांची टिपणं लिहिली, कोड होता तसा वर चढवला आणि लॅपटॉप गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवला. ३ तारखेला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीतली माडा-पोफळीची झाडं मोजायला नको इतकी पडली, निम्म्या घरावरची कौलं गेली. वीज यायला तीन आठवडे लागले. मोबाइलचा टॉवरही डिझेल संपल्यावर गप्प झाला. सहाव्या दिवशी दापोलीत एका टेकाडावर रेंज मिळाली तेव्हा टीमचा मेसेज होता: दोन्ही कामं पूर्ण झाली आहेत, टिपण वाचून केली, तू घर बघ. पुढच्या वेळच्या मूल्यमापनात मॅनेजरने त्या टिपणांचा उल्लेख केला. न केलेल्या कामाबद्दल शाबासकी मिळायची माझी ती पहिलीच वेळ!

गिटलॅबने आपली बहुतेक कार्यपद्धती, हजारो पानांची, इंटरनेटवर कोणालाही वाचायला खुली ठेवली आहे. संवादाचा भाग तरी वाचा. लेखी काम करणाऱ्या कंपनीचा रोजचा दिवस कसा असतो ते दिसतं.

## ६. घड्याळ

नोकरी घेण्याआधी दोन्हीकडच्या कामाचे किती तास एकमेकांवर येतात ते मोजा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. निम्मा दिवस सहज मिळतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. वर्षभर निभावतं, पाच वर्षं नाही. पगार दीडपट असला तरी मी कॅलिफोर्नियाच्या वेळेचं काम घेत नाही, आणि घेऊ नका असंच सांगेन.

सापळा: अमेरिका आणि युरोप एकाच रविवारी घड्याळ बदलत नाहीत. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा सगळ्या मीटिंगा एकमेकांवर आदळतात. आपलं घड्याळ बदलत नाही म्हणून आपल्याला ते आठवतही नाही.

## ७. बढतीच्या यादीत राहणं

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण तेवढ्याच चांगल्या कामाला त्यांना बढती मात्र ऑफिसवाल्यांपेक्षा कमी मिळाली. आमच्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत.

म्हणून एक फाइल ठेवा. मोठं काम झालं की तारीख, आधीची स्थिती, नंतरची स्थिती, आणि कोणी कौतुक केलं असेल तर त्याचे शब्द. मूल्यमापनाच्या आठवड्यात मार्चमधलं काही आठवत नाही, फाइलला आठवतं. मॅनेजरशी दर दोन आठवड्यांनी एकट्याने बोलणं ठेवा आणि त्यात कामाचा आढावा देऊ नका, तो शुक्रवारच्या टिपणात गेलेला असतो. "पुढच्या पायरीसाठी माझ्यात काय कमी आहे?" हे विचारा. उत्तर कडू असलं तरी लिहून घ्या.

आणि वर्षातून दोनदा तरी स्वखर्चाने का होईना, पण जाऊन भेटा. त्या चार दिवसांत लॅपटॉप उघडू नका. जेवा, चहा प्या, लोकांच्या मुलांची नावं लक्षात ठेवा. एकदा एकत्र जेवलेल्या माणसाचा तिखट रिव्ह्यू वेगळा वाचला जातो.

## ८. एकटेपणा आणि परतीची वाट

सीट्रिपच्या त्याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: प्रयोग संपल्यावर निवड करायला दिली तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ऑफिस पत्करलं. एकटेपणा हे मोठं कारण होतं. कोणी त्यांना हरलेले म्हटलं नाही, तुम्हीही स्वतःला म्हणू नका.

गावात माणसं भरपूर, पण "आज बिल्ड फुटला" यावर कपाळाला हात लावणारं कोणी नसतं. मी दर गुरुवारी रात्री चार जुन्या सहकाऱ्यांशी अर्धा तास बोलतो, कामाचा विषय चालतो, शिव्याही चालतात. संध्याकाळी सहानंतर मैदानावर व्हॉलीबॉल, जिथे मला कोणी इंजिनीअर म्हणून ओळखत नाही.

दरवर्षी गौरी-गणपती विसर्जन झालं की मी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहितो. या वर्षी नवीन काय शिकलो? कंपनीत माझ्या टीमबाहेरच्या किती जणांना माझं काम माहीत आहे? रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो का? २०२३ मध्ये पहिल्या दोन्हींची उत्तरं वाईट आली. ऑक्टोबरात तीन आठवडे पुण्यात बहिणीकडे राहिलो, कोथरूडच्या एका को-वर्किंगमध्ये रोज जाऊन बसलो, संध्याकाळी दोन-तीन मीटअपना गेलो. तिथे भेटलेल्या एकाबरोबर अजूनही दर महिन्याला एकमेकांचा कोड वाचतो. भातकापणीच्या वेळेला परत आलो, तेव्हा काकांनी फाटकातूनच विचारलं, "काय रे, नोकरी लागली वाटतं?"